बोलायचं नाही

पहाटे पावणेपाचला हसुराम मुकादमचा फोन.
"आमचे जाल्यान कोला अरकलाय. जित्ता हाय.
पन बेगीन या, पानी चरतंय."

करावेच्या मागे, तिवरांच्या मुळ्यांत,
मागचा उजवा पाय नायलॉननं हाडापर्यंत कापलेला,
पोटाखाली चिखल, चिखलावर भरती.
मी गोणपाट टाकलं आणि सवयीनं बोलून गेले,
"झालं हां राजा, झालं आता"
तेवढ्यात चावला.
डाव्या अंगठ्याखाली चार दात.

डॉक्टर सबीहा मुकरी हात धुऊन देताना म्हणाल्या,
"बोललात ना?"

मग नियम सांगितले.
पिंजऱ्यावर हिरवं कापड. डोळ्यांत बघायचं नाही.
नाव ठेवायचं नाही, नंबर आहे, सतरा.
आणि बोलायचं नाही. एक शब्दही नाही.
माणसाच्या आवाजामागून खाणं येतं
हे त्याला एकदा कळलं की संपलाच तो.
उद्या सीवूड्सच्या कुठल्या सोसायटीच्या गेटावर
शेपूट खाली घालून उभा राहील,
आणि वॉचमन काठी शोधेल.

बावीस वर्षं मी वाशीच्या दवाखान्यात आया होते.
बाळंतिणींच्या उशाशी,
साखरेनं पाय गेलेल्या म्हाताऱ्यांच्या पायथ्याशी
(पाय नसलेल्या बाजूलाच बसायचे मी)
हेच म्हणायचे, झालं हां, झालं आता.
झालेलं काही नसायचं.
तरी माणसं मूठ सैल सोडायची.
माझ्याकडचं औषध ते एवढंच,
आणि इथे तेच विष.

माझी इंजेक्शनं: शून्य, तीन, सात, चौदा, अठ्ठावीस.
खिडकीतली मुलगी नवीन होती.
"कुत्रा ना?"
"कोल्हा."
"कोल्हा? इथे?"
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जणू मीच पाम बीच रोड ओलांडून आले होते.
मग 'कुत्रा' खोडून वर बारीक अक्षरात लिहिलं.

दर तिसऱ्या दिवशी भूल द्यायची आणि पट्टी बदलायची.
तेवढाच वेळ त्याला हात लावता यायचा.
जीभ एका बाजूला, दातांत वाळू,
कानामागे गोचिड्या फुगलेल्या, तुरीच्या दाण्याएवढ्या.
वास खाडीचाच, माझ्या माहेरच्या मागच्या दाराचा.
मला वाटलं, आता तर ऐकू येत नसेल.
ओठ उघडले
आणि त्याचा कान फिरला, बेशुद्धीत,
माझ्याकडे.
मी ओठ मिटले.

एकदा काकडी नेली. म्हण आहे ना, कोल्हा काकडीला राजी.
सकाळी बघते तर तिच्यावर मुतून ठेवलेलं.

घरीही मी कमी बोलायला लागले.
नवऱ्यानं विचारलं, घसा बसलाय का.
सुनेनं आल्याचा चहा केला.

रात्री खाडीकडून त्यांचं सुरू व्हायचं,
आधी एक, मग तिघं-चौघं, मग सगळा अंधारच.
पुढारी भांडले की पेपरवाले जिला कोल्हेकुई म्हणतात
ती ही नव्हे.
हिच्यात कोणीतरी कोणालातरी मोजत असतं.
सतरा नंबर ऐकायचा. उत्तर द्यायचा नाही.
कापडाआडून फक्त त्याचा श्वास थांबलेला कळायचा.

एकोणिसाव्या रात्री मी लादी पुसत होते.
आवाज आधी फाटका आला, गंजलेल्या कडीसारखा.
मग वर चढला, पत्र्याला लागला,
आणि पलीकडे एकदम सगळे गप्प झाले.
नंतर इतके ओरडले, इतके ओरडले.
मी बादलीवर बसून राहिले.
त्यातलं एक अक्षर माझ्यासाठी नव्हतं.
मला फार बरं वाटलं.

अठ्ठावीसाव्या दिवशी सकाळी माझी शेवटची सुई,
संध्याकाळी ओहोटीला त्याचं दार.
थोडा लंगडत गेला. तिवरांपाशी थांबला, हुंगलं,
आणि चिखलाच्या रंगात मिसळला.
हसुराम म्हणाला, "वलून पन नाय बगला!"
डॉक्टर म्हणाल्या, "शाब्बास."
कोणाला ते कळलं नाही.

परत येऊन पिंजरा धुवायचा होता.
पाईप लावला. फिनेल टाकलं.
केस जाळीत अडकले होते, ते एकेक काढले.
शेडमध्ये कोणी नव्हतं.
मी रिकाम्या पिंजऱ्यात डोकं घालून,
अगदी हळू, म्हटलं,
झालं हां राजा,
झालं आता.